चालते ते चालू द्यावे का?

संगणकाच्या पडद्यावर एक निवेदन उमटते. नवी कार्यप्रणाली, म्हणजे ज्याला सगळे ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती, तयार आहे. बसवावी काय, असा त्याचा आशय असतो. खाली दोन चौकटी असतात. एकीत 'आता', दुसरीत 'नंतर'. 'नको' अशी तिसरी चौकट बहुधा नसते, आणि असली तर ती शोधावी लागते. ज्या प्रश्नाला नकाराची वाटच ठेवलेली नाही, त्याला प्रश्न म्हणावे की आज्ञा, याचा निवाडा तर्कशास्त्र जाणणाऱ्यांनी करावा. व्यवहारात माणसे 'नंतर'वर बोट ठेवतात आणि कामाला लागतात. उधारी मागायला आलेल्या वाण्याला 'बाजारच्या दिवशी या' म्हणावे, तसे.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर मी काही वर्षे आहे. वाचनालयात एक संगणक आहे. तो २०१३ साली घेतला तेव्हा त्यात विंडोज ७ होती. २०१५ साली विंडोज १० निघाली, ती कंपनीने जुन्या गिऱ्हाइकांना वर्षभर फुकट देऊ केली आणि आम्ही ती घेतली. फुकट मिळालेल्या वस्तूवर मंडळात चर्चा होत नाही. चर्चा झाली ती दहा वर्षांनी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, विंडोज १० ला असलेला कंपनीचा नेहमीचा आधार संपला. याचा अर्थ संगणक बंद पडला असा नव्हे. आदल्या दिवशी तो जसा चालत होता तसाच दुसऱ्या दिवशीही चालला. त्यात पुढे जी भोके सापडतील ती बुजविण्याची जबाबदारी तेवढी कंपनीने खाली ठेवली. थोडी मुदत वाढवून घेण्याची सोय होती. पण मुदत ती मुदतच. विंडोज ११ घ्यावी, तर ती ह्या यंत्रावर रीतसर बसत नाही. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि साधारणपणे २०१७ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. दुरुस्तीला येणारा तरुण यंत्र उघडून, फुंकर मारून, पुन्हा मिटून म्हणाला, "मशीन ठणठणीत हाय सर. पण कंपनी म्हणतीया, म्हातारं झालं."

मंडळात दोन मते पडली. खजिनदारांचे म्हणणे, चालते आहे ते चालू द्यावे. दुसऱ्या एका सभासदाचे म्हणणे, जगाच्या मागे राहून चालणार नाही. दोघांनाही एक गोष्ट मात्र मान्य होती, की हा प्रश्न तांत्रिक आहे. फार तर पैशाचा आहे. मला तो तसा वाटेना. कोणत्याही वस्तूची जुनी व्यवस्था सोडून नवी पत्करताना आपण कोणाचे काय धोक्यात घालतो आणि कोणाचे काय मागे टाकतो, हा विचार जिथे येतो तिथे प्रश्न नीतीचा होतो, मग ती वस्तू धर्मशास्त्र असो, घर असो की यंत्र.

खजिनदारांच्या मतावर हसणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नव्हे. आमचा जिल्हा अवर्षणाचा. इथे विहिरीवरची मोटार जळाली तर ती पुन्हा गुंडाळून घेतात. आणखी एकदा जळाली तर आणखी एकदा. चपलेला अंगठा लावतात, छत्रीला काडी घालतात. ह्याला कोणी दारिद्र्य म्हणेल. मला त्यात वस्तूविषयीची एक कृतज्ञताही दिसते. जी वस्तू आपले काम इमानाने करते आहे, तिला केवळ नवी आली म्हणून उकिरडा दाखवणे हे मनाला न पटण्यासारखेच आहे. बारा वर्षे सभासदांच्या नोंदी ठेवणारे, एकदाही न अडलेले यंत्र एका तारखेला निकामी ठरते आणि ते ठरवणारा त्या यंत्राला कधी हात लावलेला नसतो, यात काहीतरी खटकणारे आहे खास.

दुसऱ्या सभासदाची नव्याची ओढ मला त्या मानाने कच्ची वाटली. आमच्या जिल्ह्यात तेर आहे. तिथल्या गोरोबाकाकांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे: संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके भाजलेले आणि कोणते कच्चे हे त्यांनी सांगितले, आणि कच्चे निघाले ते नामदेवांचे. नव्या कार्यप्रणालीच्या डोक्यावर थापटणे मारणारा गोरोबा कोण? आपणच. कंपनी ती बाजारात आणते आणि लक्षावधी लोकांनी वापरून तिच्यातले कच्चेपण उघड केले की मग ती पुरती भाजली जाते. म्हणून जाणकार माणसे नवी आवृत्ती निघाल्या दिवशी घेत नाहीत, चार महिने थांबतात. थांबणाऱ्यांच्या शहाणपणासाठी पुढे जाणाऱ्यांनी चटके सोसायचे, असा हा अलिखित करार आहे. त्याच्या न्याय्यतेविषयी कोणी बोलत नाही.

परंतु 'चालते आहे' ह्या शब्दात एक गफलत दडलेली असते, आणि ती ह्या भागातल्या माणसाला समजावून सांगावी लागू नये. १९९३ पर्यंत लोहारा-उमरग्याकडची घरे माळवदाची होती. दगडमातीच्या दोन-दोन हात जाडीच्या भिंती, त्यांवर लाकडे आणि लाकडांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात त्या घरासारखा गारवा सिमेंटच्या घरात नाही. चोराला भिंत फोडणे कठीण. माळवद गळू लागले की पावसाळ्यापूर्वी वर आणखी माती टाकावयाची. दर वर्षी थोडी. घर चालत होते. पिढ्यान् पिढ्या चालत होते. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली आणि गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे चढवलेली तीच माती झोपलेल्या माणसांवर आली. लातूर जिल्ह्यातले किल्लारी आणि आमच्याकडचे सास्तूर ही नावे तेव्हापासून निराळ्या स्वरात घेतली जातात.

तुलना मोठी आहे, हे मी जाणतो. संगणक बिघडल्याने कोणी ढिगाऱ्याखाली जात नाही. मला सांगायचे आहे ते इतकेच, की ते घर वाईट होते म्हणून पडले नाही. ज्या संकटांसाठी ते बांधले होते, म्हणजे ऊन, पाऊस आणि चोर, त्यांना ते पुरून उरले होते. ज्या संकटाची कल्पना नव्हती त्याच्यापुढे ते उभे राहिले नाही. 'चालते आहे' हे विधान नेहमी माहीत असलेल्या संकटांपुरते असते. आधार संपलेल्या कार्यप्रणालीचे नेमके असेच आहे. तिचे रोजचे काम बिघडत नाही. उद्या कोणाला तिच्या भिंतीत भोक सापडले तर ते बुजवायला कोणी येणार नाही, एवढेच. आणि ते सापडले हे घरमालकाला सर्वांत शेवटी कळते.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाची साथ संगणकांत पसरली. ती दीडशेहून अधिक देशांत गेली. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या भोकातून ती शिरली त्यावरचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच, देऊन ठेवले होते. ज्यांनी 'नंतर' म्हटले होते त्यांच्या दारातून ती आत आली. इथे कोणी म्हणेल, झाला तर मग निकाल! पण त्याच वर्षी जूनमध्ये दुसरी साथ आली, 'नॉटपेट्या'. ती युक्रेनमध्ये सुरू झाली ती हिशेबाच्या एका कार्यक्रमाच्या अद्ययावत आवृत्तीतून. म्हणजे ज्यांनी आज्ञाधारकपणे 'आता' म्हटले, त्यांनी विष आपल्या हाताने घरात घेतले. तिची झळ आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत पोचली आणि तिथल्या एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. पुढे १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक ह्या कंपनीच्या सुरक्षेच्या कार्यक्रमात आलेल्या एका सदोष सुधारणेने जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एका सकाळी निळे पडून बसले. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या दिवशी ज्यांनी सुरक्षेसाठी पैसे मोजले नव्हते त्यांचे संगणक बिनघोर चालत होते.

तेव्हा 'नवे घ्या म्हणजे सुरक्षित व्हाल' हे खरे नाही आणि 'जुने बरे' हेही खरे नाही. शक्यतांचा हिशेब केला तर वेळेवर ठिगळ लावणाराच एकंदरीत कमी वेळा बुडतो, हे मला मान्य आहे. पण मला हिशेबाच्या पलीकडचा प्रश्न पडला होता: बुडतो तेव्हा बुडते कोणाचे?

माझ्या घरी एक असाच जुना संगणक आहे. त्यात माझे लेख आहेत, नातवंडांची छायाचित्रे आहेत, विजेच्या बिलांच्या पावत्या आहेत. तो मी बदलला नाही आणि त्यामुळे ते सर्व गेले, तर गेले. माणसाला स्वतःच्या वस्तूशी हट्ट करण्याचा अधिकार असावा असे मला वाटते. (तोही अधिकार निखळ नाही. जाळ्याला जोडलेला कमकुवत संगणक परक्याच्या ताब्यात जाऊ शकतो आणि मग त्याच्याकरवी तिसऱ्याच्याच घरावर दगड पडतात. माळवदांची आळी असली की एकाच्या भिंतीला दुसऱ्याची भिंत टेकलेली असते.) वाचनालयाच्या संगणकाची गोष्ट निराळी. त्यात सभासदांची नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक आहेत, ओळखपत्रांच्या प्रती आहेत, शाळकरी मुलींचीही माहिती आहे. ती त्यांनी आम्हांला वापरायला दिलेली नाही, सांभाळायला दिली आहे. जोखमीचा निर्णय घेणारा एक आणि जोखीम सोसणारा दुसरा, अशी स्थिती आली की मालकाची भाषा सोडून विश्वस्ताची भाषा बोलावी लागते. 'मला जुन्याची सवय आहे' हे मालकाला शोभेल. विश्वस्ताला सवय असून चालत नाही. खजिनदारांशी माझा मतभेद झाला तो एवढ्याच मुद्द्यावर, आणि त्यांनी तो दिलदारपणे मान्य केला. पैशांचे मात्र काय, असे त्यांनी विचारले. तो प्रश्न रास्त होता. 'ड' वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला जे अनुदान मिळते त्यात नवा संगणक घ्यावयाचा म्हणजे पुस्तकांना कात्री लावावयाची.

इथे कंपनीलाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. दहा वर्षे तिने भोके बुजवली, हे थोडे नाही; एका वस्तूच्या पाठीशी दहा वर्षे उभे राहणारे कारखानदार फार नाहीत. शिवाय जुन्या पिढीच्या यंत्रांत सुरक्षेच्या काही सोयी नाहीतच, हेही खरे. पण मी यंत्र विकत घेतले तेव्हा असे समजून चाललो होतो की ते माझे झाले. आता कळते की देह माझा होता. प्राण भाड्याने आणला होता. वाड्याचे खरेदीखत व्हावे आणि वाड्याच्या दाराची किल्ली मात्र विकणाऱ्याकडे राहावी, असा व्यवहार आपल्या आजोबांनी केला नसता. मुक्त कार्यप्रणालींची, लिनक्सची, वाट ह्यावर आहे. केरळातल्या सरकारी शाळांत मुले वर्षानुवर्षे मुक्त प्रणालीवर शिकत आली आहेत. जुन्या यंत्रावर ती बसते, पैसे पडत नाहीत. आमच्या यंत्रासाठीही मी ती सुचविली. दुरुस्तीवाला तरुण म्हणाला, "बसवून देतो सर, पण आडली तर मी पुण्याला फोन लावणार, आन् पुण्यावाला उचलंल तवा खरं." गावात ज्ञान नसेल तर स्वातंत्र्यालाही दुरुस्तीवाला लागतो.

जोखमीचा प्रश्न असा एका बाजूला लागला. पण मागे काय राहते, हा दुसरा प्रश्न शिल्लक होता, आणि खरे म्हणजे त्यानेच मला जास्त छळले.

२०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली तेव्हाचे दिवस आठवावेत. तहसील कचेऱ्यांतून, जुन्या दप्तरांतून निजामी काळातली कागदपत्रे बाहेर निघाली. कागद शाबूत होते, शाई शाबूत होती, अक्षर वळणदार होते. फक्त ते मोडीत होते, नाहीतर उर्दूत, आणि वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. मोडी कोणी जाळली नाही, तिच्यावर कोणी बंदीही घातली नाही. छापायला देवनागरी सोयीची म्हणून शाळांनी, कचेऱ्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी हळूहळू सोडून दिली. निर्णय शहाणपणाचाच होता. नवी लिपी पत्करण्यात चूक नव्हती. जुन्या लिपीतले पुढे आणण्याचे काम कोणी कोणाला सोपवले नाही, एवढेच झाले. आणि सत्तर-ऐंशी वर्षांनी एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाचा दाखला त्या न वाचता येणाऱ्या ओळीत अडकून पडला.

आमच्या संगणकात अशी एक मोडी आहे. गावच्या एका शिक्षिकेने, त्या आता हयात नाहीत, आजूबाजूच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. त्यांच्या तीन वह्या वाचनालयाने टंकित करून घेतल्या. पुढे एका पावसाळ्यात मूळ वह्या भिजून गेल्या. टंकन झाले ते जुन्या फॉन्टमध्ये. हे जुने फॉन्ट म्हणजे एक गमतीचे सोंग होते. संगणक आत साठवी रोमन अक्षरे, आणि त्यांच्या अंगावर फॉन्ट देवनागरीचा अंगरखा चढवी. फॉन्ट असेपर्यंत ओवी दिसते. फॉन्ट काढा, की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. युनिकोडने हे सोंग संपवले. त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, 'क'चा २३२५, आणि तो जगातल्या कोणत्याही यंत्रावर 'क'च राहतो. विंडोजमध्ये वर्षानुवर्षे दिसणारा 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला, हे आपल्याला ठाऊक असायला हरकत नाही.

नव्या यंत्रावर त्या फाइली नुसत्या उचलून नेल्या असत्या तर काही हरवले नसते आणि सगळे हरवले असते. ज्या बायकांनी त्या ओव्या सांगितल्या त्यांच्यापैकी बहुतेक गेल्या. त्यांना कोणी विचारलेही नव्हते, की बाई, तुमचे गाणे आम्ही कोणत्या अक्षरात ठेवू. सभासद निदान मंडळाकडे येऊन भांडू शकतात. ह्या भांडू शकत नाहीत. मला वाटते, जुने सोडण्याचा अधिकार आपल्याला येतो तो त्यातले इतरांचे पुढे पोचवल्यावर येतो, आधी नव्हे. आणि ते पोचवण्याचे काम यंत्र करीत नाही, माणसाला बसून करावे लागते. भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली तेव्हा घरे मजबूत झाली, रस्ते सरळ झाले. पण गुरे कुठे बांधावयाची, कडबा कुठे रचावयाचा, शेजार कोणाचा, हे जुन्या गावातून कोणी मोजून आणले नव्हते. ते लोकांनी पुढे आपापले, पत्रे ठोकून आणि छपऱ्या काढून आणले.

मंडळाने अखेर ठरवले ते असे. सभासदांच्या नोंदींसाठी नवा संगणक, दोन हप्त्यांत. पुस्तकखरेदी एक वर्ष निम्मी. नोंदी तिकडे हलल्यावर जुन्यातून पुसून टाकावयाच्या. जुना भंगारात द्यावयाचा नाही. त्याची जाळ्याची तार काढून तो खिडकीजवळच्या टेबलावर ठेवावयाचा, ओव्यांचे काम पुरे होईपर्यंत. पुस्तके निम्मी झाल्याची दोन सभासदांनी लेखी तक्रार केली आहे. ती दप्तरी आहे, आणि तिच्यात तथ्य आहे.

ओव्यांचे काम महाविद्यालयात जाणारी एक मुलगी करते, आठवड्यातून दोन संध्याकाळी. फॉन्ट बदलून देणारे कार्यक्रम मिळतात आणि ते पुष्कळ काम करतात, पण रफार आणि वेलांटी यांच्याशी त्यांचे जमत नाही. 'दुर्वा'चे 'दुवार्' होते. 'पिता'ची वेलांटी 'प'च्या अलीकडे एकटीच लोंबत राहते. म्हणून प्रत्येक ओळ वाचावी लागते, आणि शंका आली तर गल्लीतल्या एका सत्तरीच्या आजींना म्हणून दाखवावी लागते. आजींना वाचता येत नाही. ओवी चुकली की त्यांच्या ते कानाला लागते. परवा त्या मुलीने मला विचारले, "सर, इथं 'मह्या' लिहिलंय. संगणक त्याच्याखाली तांबडी रेघ मारतोय. 'माझ्या' करू का?" मी आजींकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "माझ्या कोन म्हनतं गं? ती तुळजापूरच्या आईला साद घालतीया." मुलीने शब्द तसाच ठेवला, संगणकाच्या कोशात घातला आणि रेघ गेली. पहिली वही पुरी झाली आहे.